बाई, कवितेत काय हुतंयच न्हाई

सातवीच्या वर्गात धडा चालू असतो तोवर मुलं जागी असतात. कवितेचं पान आलं की अर्ध्या दप्तरांतून गाईडं बाहेर येतात. मी कविता वाचून पूर्ण करायच्या आधीच एखादीचा हात वर येतो, आणि ती घडाघडा सांगते, 'या कवितेतून कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे.' कविता आईवर असली तरी हेच वाक्य एक-दोन शब्द बदलून येतं. माझी शाळा कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला, पंचगंगेपासून जवळ. निम्मी मुलं पेठांतली, निम्मी नदीपलीकडच्या गावांतून एसटीनं आणि सायकलनं येणारी. कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर आहेत, कुणाची आई दूध घालते, कुणाच्या घरचं गुऱ्हाळ आहे. ही मुलं मधल्या सुट्टीत इतकं रसाळ बोलतात की ऐकत राहावं. तीच मुलं कवितेपुढं मुकी का होतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं सलत होता.

उत्तर मागच्या बाकावरून मिळालं. 'तुला कविता का आवडत नाही रे?' असं मी एकाला सरळच विचारलं. तो उभा राहिला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाई, धड्यात निदान काय झालं ते तरी कळतंय. कवितेत काय हुतंयच न्हाई. आणि अर्थ तर गाईडलाच ठाऊक असतोय."

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे कवितेत काही घडतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं. दुसरी, कविता म्हणजे ज्याचं उत्तर दुसऱ्याकडं कुलूपबंद आहे असा प्रश्न, अशी त्याची समजूत झाली होती. मुलांना कवितेचा कंटाळा नव्हता, त्यांना अर्थ चुकण्याची भीती वाटत होती. मग ठरवलं की दिवाळीपर्यंत कवितेचा अर्थ विचारायचाच नाही. 'या ओळींचा भावार्थ लिहा' हा प्रश्न वर्गातून काही महिने रजेवर. आमच्या शाळेतल्या एका सरांना काळजी वाटली, अभ्यासक्रम कसा पुरा होणार म्हणून. ती रास्तच होती. त्यांना म्हटलं, पुस्तकातली प्रत्येक कविता घेणार आहे, फक्त आधी कानानं घेणार आहे.

पहिले काही आठवडे आम्ही वही उघडली नाही. पुस्तकातली कविता मी वाचायची, मग दोघा-तिघांनी वाचायची, मग सगळ्यांनी मिळून. झालं की एकच प्रश्न: कोणती ओळ कानात राहिली? का राहिली ते विचारणार नाही, असं मी आधीच सांगून टाकलं होतं. सुरुवातीला पहिली ओळच सगळ्यांची आवडती असायची, कारण ती शोधावी लागत नाही. हळूहळू मधल्या ओळी यायला लागल्या. एका मुलीनं एकदा नुसता एक शब्द सांगितला आणि म्हणाली, "एवढाच राहिला." तेवढं मला पुरे होतं.

घरी जाऊन करायचं कामही तोंडीच. घरात ज्याला ताल आहे असं काहीही तोंडात घेऊन या: उखाणा, कोडं, म्हण, हादग्याचं गाणं, ट्रकमागची ओळ, काहीही. मुलींनी आधी 'आम्हाला काही येत नाही' म्हणून हात झटकले. मग एकीनं 'ऐलमा पैलमा गणेशदेवा' सुरू केलं आणि बाकीच्या मान खाली घालून, पण सगळ्या, म्हणत गेल्या. एका मुलाच्या पणजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. घरात जातं राहिलेलं नाही, पण तिनं पाटावर हात गोल फिरवत त्याला ओव्या म्हणून दाखवल्या. हात थांबला की ओवी अडायची, असं तो सांगत होता. पोरं आधी हसली, मग एकेकानं बाकावर हात गोल फिरवून बघितला. मी त्यांना सांगितलं की ज्ञानेश्वरीत अशाच नऊ हजारांवर ओव्या आहेत. त्यावर एक जण म्हणाला, "मग त्यांचा हात किती दुखला आसंल." वर्गात कुणीही त्याला वेड्यात काढलं नाही.

मुलांकडून सगळ्यात जास्त आलं ते मैदानावरचं आणि यात्रेतलं. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे फुटबॉलचे सामने असतात, तिथल्या आरोळ्या. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, तिथलं 'चांगभलं'. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, घरातच हलगी-घुमकं. कुस्तीच्या मैदानात त्याचे काका हलगी वाजवतात. वर्गात तो कायम काही ना काही वाजवत असायचा आणि त्याबद्दल बोलणी खायचा. त्याला पुढं बोलावलं आणि म्हटलं, आता पुस्तकातली कविता मी वाचते, तू बाकावर धर. त्यानं दोन ओळी ऐकल्या, तिसरीला बोटं टेकवली आणि वर्ग सरळ बसला. एका कवितेत तो मधेच थांबला. "बाई, हितं तुमी एक अक्षर खाल्लं." मी पुस्तकात बघितलं, खरंच खाल्लं होतं.

तिथूनच अक्षरं मोजायला सुरुवात झाली. या भागाबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण कवितेशी फटकून असलेली मुलं वळली ती इथं.

मराठीतल्या अक्षरछंदाची मोजणी सातवीतल्या कुणालाही पाच मिनिटांत येते. प्रत्येक पूर्ण अक्षर एक. जोडाक्षर असलं तरी एकच. अनुस्वार वेगळा धरायचा नाही. लघु-गुरू, मात्रा, गण हे सगळं नंतर. दोन्ही हातांचे अंगठे मिटले की आठ बोटं उरतात, ती झाली अष्टाक्षरी. मी फळ्यावर 'रंकाळ्याच्या काठावर' लिहिलं आणि म्हटलं, मोजा. रं-का-ळ्या-च्या-का-ठा-व-र. आठ. 'पंचगंगेच्या पाण्यात'. आठ! मग वर्ग माझ्या हातात राहिला नाही. "बाई, शाहू स्टेडियमवर!" आठ. "तांबडा पांढरा रस्सा!" आठ, आणि त्यावर तर टाळ्याच पडल्या. 'जगात भारी कोल्हापुरी' नऊ भरलं तेव्हा काही जणांचे चेहरे उतरले. एकीनं 'अंबाबाईच्या देवळात' आणलं. तेही नऊ. ती जागेवर बसून पुटपुटत राहिली आणि तास संपताना ओरडली, "दारात! अंबाबाईच्या दारात!" आठ झाली. मी विचारलं, पण देवळात आणि दारात यात फरक पडला ना? ती म्हणाली, "पडला की. पर आमी मंगळवारी जातो तवा गर्दी असती, दारातनंच हात जोडतो. हेच खरं हाय." शब्द बसवायला गेली आणि अधिक खरा शब्द सापडला. हे कवींच्या बाबतीत होतं असं मी वाचलं होतं, तेव्हा डोळ्यांसमोर होताना बघितलं.

गणित आवडणारी पोरं, जी आजवर मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघायची, ती यात सगळ्यांत पुढं होती. त्यांनी घरातल्या भजनाच्या पुस्तकांवर मोजणी चालवली. आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते, बरीच मुलं आजी-आजोबांबरोबर चालतात, त्यामुळं 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवूनिया' सगळ्यांना पाठ. मोजून बघितलं तर सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, विटेवरी-कटावरी. शेवटी चारच का? मी काही सांगायच्या आत हलगीवाला म्हणाला, "दम घ्यायला. टाळ वाजायला जागा नको व्हय?" तुकोबांच्या अभंगाबद्दल यापेक्षा नेमकं मी काय सांगणार होते?

माधव जूलियन आपल्याच गावात, राजाराम महाविद्यालयात शिकवत होते आणि मराठी वृत्तांची बारीक मोजदाद करणारा 'छंदोरचना' हा ग्रंथ त्यांचा, हे मी तेव्हा सांगितलं. मोरोपंतांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्यावरचा, हेही. एरवी ही माहिती मुलांनी परीक्षेपुरती लिहून घेतली असती. आता त्यांनी विचारलं, "ते पण बोटांवर मोजायचे?"

मग लिहिणं. कविता लिहा असं मी म्हटलंच नाही. यादी लिहा म्हटलं. सकाळी उठल्यावर कानावर पडणारे पहिले पाच आवाज. आईच्या हाताला येणारे वास. दप्तराच्या तळाशी काय काय आहे. एकच अट, काही शब्दांना बंदी. फळ्याच्या कोपऱ्यात बंदीची यादी कायमची लिहिलेली असायची: सुंदर, रम्य, मनोहर, निसर्गरम्य, अप्रतिम, हिरवागार शालू, प्रेमळ, वात्सल्यमूर्ती. मुलांनी यादीत भर घालायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या एका मुलानं 'अन्नदाता' घालायला लावला. "घरात बाला कोण अन्नदाता म्हणत न्हाई," एवढंच त्याचं कारण. पुढं 'छान' हाही शब्द यादीत गेला, कारण कुणी काही वाचलं की वर्ग 'छान छान' म्हणून मोकळा व्हायचा. त्याऐवजी ऐकणाऱ्यानं राहिलेली ओळ म्हणून दाखवायची. कुठलीच राहिली नसेल तर गप्प बसायचं. लिहिणाऱ्याला त्यातून सगळं कळतं.

तालमीत जाणाऱ्या एका मुलाला तीन आठवडे काही सुचेना. त्याला विचारलं, तालमीच्या मातीत काय काय घालतात? तो एका दमात म्हणाला, "तेल, ताक, हळद, लिंबू." मोजलं तर नऊ भरली. बाकीचे म्हणाले, एखादं काढ, आठ होतील. त्यानं मान हलवली. त्यातलं एकही काढलं तर माती मळत नाही म्हणे. आम्ही नऊ ठेवली. ती त्या वर्षातली त्याची एकुलती एक ओळ, आणि वर्गातल्या प्रत्येकाला ती पाठ आहे.

सगळ्यांत चिवट अडचण यमकाची होती. यमक जुळलं की कविता झाली असं मुलांना खालच्या वर्गांपासून वाटत आलेलं असतं, आणि मग शाळा-फळा-माळा यातून सुटका नाही. वडील फाउंड्रीत असलेल्या एका मुलानं लिहून आणलं, 'आई माझी गोड, तिला नाही तोड.' त्याला रागावण्यासारखं काही नव्हतं, आईवर त्याचं प्रेम आहेच. पण ही आई कुणाचीही असू शकली असती. मी त्याला विचारलं, काल रात्री आठ वाजता तुझी आई काय करत होती? तो हसायला लागला. "भाकरी थापत होती आणि फोनवर मावशीसंगट भांडत होती." मग? "मग करपली की. माझ्याच दोन." मी म्हटलं, हेच मोज. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं:

एका हातानं भाकरी
दुसऱ्या हातात फोन
मावशीवर चिडली
करपल्या माझ्या दोन

यमक आलं होतं, पण ते घरातून आलं होतं. पुढं आईनं हे ऐकलं आणि तिला राग आला, असं त्यानं सांगितलं. नंतर तिनंच ते मावशीला फोनवर म्हणून दाखवलं.

गुऱ्हाळवाल्या मुलाची गोष्ट यापेक्षा मोठी आहे. 'कवितेत काय हुतंयच न्हाई' म्हणणारा हाच. दिवाळी सरली, उसाला तोड आली आणि त्याच्या घरचं गुऱ्हाळ पेटलं. तो वर्गात पेंगायचा, कारण रात्री तिकडं जागरण. मी वर्गाला सांगितलं होतं, घरात एखादं माणूस काम करताना बघा आणि त्याचे हात काय करतात ते लिहा. त्यानं लिहून आणलं: 'गुळव्या हा गूळ बनवण्यात अनुभवी असतो. तो आपले काम कुशलतेने करतो.' परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते.

मी त्याला जवळ बसवून घेतलं. तो अनुभवी आहे हे तुला कसं कळलं? त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. "सगळ्यांस्नी ठाऊक हाय." तसं नाही, तू तिथं उभा असतोस तेव्हा तुला काय दिसतं? मग तो बोलायला लागला. चरकातून रस येतो तो हिरवट असतो. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत तापला की वर मळी येते, ती सतत काढावी लागते. चुलवाणात चिपाड सारणाऱ्याला गुळव्या नुसत्या हातानं खुणावतो, जाळ वाढव, जाळ कमी कर. बोलत नाही. रस उकळून दाट व्हायला लागला की बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाज बदलतो. गुळव्या तेवढंच बघत असतो. थेंबभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघतो. घटकाभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप बसत नाही. त्या वेळी कुणी मधे बोललेलं कुणालाच चालत नाही. "मी एकदा काय तरी इचारलं, तर आज्जा म्हणला, गप रं. गूळ त्येला सांगालाय."

बोलता बोलता तो थांबला, माझ्याकडं बघितलं आणि बोटं मिटायला लागला. आम्ही दोघं मग मधली सुट्टी संपेपर्यंत तिथंच बसलो. पहिल्या चार ओळी त्यानं नंतर घरी बेतल्या, शेवटच्या चार तिथंच झाल्या होत्या.

काहिलीत उकळतो
उसाचा रस हिरवा
मळी काढा मळी काढा
मग होईल पिवळा

गुळव्या काही बोलेना
बुडबुडे बघालाय
आज्जा म्हणतो गप रं
गूळ त्येला सांगालाय

'हिरवा' आणि 'पिवळा' यमकात चोख बसत नाहीत, हे वर्गानं लगेच दाखवून दिलं. त्यानं सांगितलं की रसाचा रंग तसाच बदलतो, त्याला काय करणार. आणि 'बघालाय', 'सांगालाय' असं लिहिलं तर चालेल का, हा प्रश्न त्यानं सगळ्यांसमोर विचारला. हा प्रश्न फार महत्त्वाचा होता, कारण घरची बोली शाळेच्या दाराशी ठेवून यायची असते हे मुलं पहिलीपासून शिकत आलेली असतात. मी सांगितलं की निबंधात प्रमाण भाषा लिहायची, ती तुम्हाला आलीच पाहिजे, त्यात माझ्याकडून सूट नाही. पण कवितेत जो माणूस बोलतो तो त्याच्याच तोंडानं बोलेल. आज्जा जर 'गूळ त्याला सांगत आहे' असं म्हणाला असता तर कुणी त्याचं ऐकलं असतं का? त्या दिवसापासून वह्यांचा रंग बदलला. आमच्याकडच्या मुली 'मी शाळेत जातो, मी भांडी घासतो' असं बोलतात, तसंच त्यांनी लिहिलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

पुराबद्दल मी कुणालाही लिहायला सांगितलं नव्हतं. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा. तेव्हा ही पोरं अगदी लहान होती. कुणाची वह्या-पुस्तकं गेली, कुणाची जनावरं. तो विषय फळ्यावर लिहून 'आता यावर कविता करा' म्हणणं मला कधीच जमलं नसतं. जानेवारीत मी वेगळंच काम दिलं: प्रत्येक दुसऱ्या ओळीत एक तरी आकडा येईल असं काही लिहा. क्रिकेटच्या धावा आल्या, दुधाची फॅट आली, बसचे नंबर आले. नदीपलीकडून येणारी, वर्षभर एक शब्दही न बोललेली मुलगी शेवटी उठली आणि वाचून लगेच खाली बसली.

एकोणचाळीस फूट
आजीनं गाठोडं केलं
त्रेचाळीस झालं तवा
म्हशी सडकंला नेल्या
पन्नासनंतर पप्पा
आकडं सांगंना झालं
आम्ही इचारलं न्हाई

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही हे आकडे सांगेल. आमचे दिवस त्या आकड्यांवर चालतात, फोनवर दर काही तासांनी नवा आकडा येतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांपार गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. वर्गात कुणालाच काही समजावावं लागलं नाही.

बऱ्याच वेळानं एक जण म्हणाला, "सातच ओळी झाल्या. आठवी पायजे." दुसऱ्यानं यमक नाही म्हणून सांगितलं. त्याला गुऱ्हाळवाला म्हणाला, "हितं यमक घातलं तर खोटं वाटंल." मग त्यावर वाद पेटला, आणि तो वाद मी माझ्या नोकरीतल्या सगळ्यांत चांगल्या तासांपैकी एक मानते. आठव्या ओळीत काय असावं? पाणी ओसरलं, असं काहींचं म्हणणं. पप्पा रडले, असं कुणीतरी सुचवलं. तिनं ठाम नकार दिला. "पप्पा रडलं न्हाईत. आणि त्याच्यापुढं मला काय आठवतच न्हाई. निजलो आसंल." ओळी सातच राहिल्या. मी यात एक शब्दही बदलायला सांगितला नाही. पावसाचं, भीतीचं, दुःखाचं एकही नाव न घेता बारा वर्षांच्या मुलीनं ते सगळं तीन आकड्यांत बसवलं होतं. त्यानंतर बाकीच्यांच्या वह्यांत भावनांची नावं कमी झाली आणि वस्तू वाढल्या. ते मी वर्षभर सांगत होते, पण कळलं ते तिच्या सात ओळींनी.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला आम्ही हस्तलिखित काढलं. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं लिहायचं, ज्याला चित्र येतं त्यानं चित्र काढायचं. परिपाठात हलगीवर अष्टाक्षरी झाल्या. काही मुलांनी वर्षभरात एकही कविता लिहिली नाही. त्यातल्या दोघांना वर्गातल्या सगळ्यांच्या कविता तोंडपाठ होत्या, आणि परिपाठात कुणी अडखळला की मागून तेच ओळ पुरवत होते. मला त्यांची जरासुद्धा चिंता वाटत नाही. कविता आवडण्यासाठी कविता लिहिलीच पाहिजे असं थोडंच आहे.

स्पर्धांना मात्र मी मुलांना पाठवत नाही, निदान पहिलं वर्षभर. स्पर्धेला विषय ठरलेला असतो, स्वच्छता, पर्यावरण, पाणी वाचवा. विषय वाईट नाहीत. पण तो कागद हातात पडला की कालपर्यंत मळी काढणारी, म्हशी सडकेला नेणारी मुलं आज 'चला चला रे झाडे लावू' लिहायला लागतात. बंदीच्या यादीतले सगळे शब्द एका दिवसात परत येतात. बक्षीसही त्यालाच मिळतं, म्हणून मग ते पक्कं होतं. पालकांना हे समजावणं अवघड जातं, तरी मी समजावते.

आणि परीक्षा? दिवाळीनंतर मी अर्थाचा प्रश्न परत आणला. तोवर मुलं पुस्तकातल्या कवितेकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागली होती. 'या कवीनं हितं हाच शब्द का घातला, दुसरा पण आठात बसतोय की' असं विचारायला लागली होती. एकदा असं विचारलं की अर्थ आपणहून पुढं येतो, कारण दोन शब्दांतला फरक म्हणजेच अर्थ. उत्तरं काही जणांची अजून गाईडसारखीच असतात. काहींची उत्तरं तोकडी पण स्वतःची असतात, आणि पेपर तपासताना ती लगेच ओळखू येतात.

ती मुलं आता आठवीत आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास त्यांना पाचवीच्या वर्गावर पाठवते. पाचवीच्या पोरांची गाईडशी अजून गाठ पडलेली नाही. हलगीवाला ताल धरतो, तालमीतला मुलगा बोटं मोजायला शिकवतो, आणि पूर लिहिलेली मुलगी फळ्याच्या कोपऱ्यात बंदीचे शब्द लिहिते. ती आता बोलते, आणि चांगली ठणकावून बोलते. मागच्या शनिवारी मी दाराशी उभी होते. पाचवीतल्या एका मुलानं हात वर करून विचारलं, "ताई, गाय घातली तर चालतंय काय?"

"तुझी गाय हाय?"

"हाय की. दोन हाईत."

"मग चालतंय. लाथ कोणती मारती, ते आधी सांग."